पऱ्हाटी टाकीत नको, टाकीबाहेर हवी

गोबरगॅसच्या टाकीत शेणासोबत शेतातला कचरा घातला की गॅस वाढतो, हे खरं. पण कोणता कचरा, इथंच घोळ होतो. पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या), धानाचं तणस कितीही बारीक करा, टाकीत ४० दिवसांत ते पुरतं कुजत नाही. त्यातलं लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा भाग, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना फुटत नाही. हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं आणि त्याची साय धरते. ती जाड झाली की खालचा गॅस अडकून पडतो. सोयाबीनचं कुटार तर सरळ ढोरांनाच घाला. गाईच्या पोटाइतकी चांगली दळण्याची सोय दुसरी नाही.

दोन घनमीटरच्या दीनबंधू (पक्क्या घुमटाच्या) टाकीला रोज ५० किलो ताजं शेण आणि ५० लिटर पाणी लागतं. किलोमागे साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे सहा-सात माणसांचा स्वयंपाक निघतो. कागदावर पाच ढोरं पुरतात, पण ती दिवसभर चराईला गेली की बरंचसं शेण रानातच राहतं. तेव्हा कोठ्यातलं शेण आठ दिवस तोला आणि मगच टाकीचं माप ठरवा.

टाकीत चालतो तो कोवळा, हिरवा माल: बेशरमचा पाला, फुलावर येण्याआधी कापलेलं गाजरगवत (हातमोजे घालूनच), भाजीचे देठ, तलावातली जलपर्णी. जलपर्णीत बहुतेक पाणीच असतं, तेवढं वरचं पाणी कमी करा. पाला दोन सेंटिमीटरचा कापून जुन्या ड्रममध्ये, आउटलेटमधून निघालेल्या स्लरीत (गॅस देऊन बाहेर आलेल्या पातळ शेणात) बुडवा आणि पोतं झाकून पाच ते सात दिवस ठेवा. मग मूठभर काढून दाबा. बोटांत बुळबुळीत होऊन धागे तुटले तर तयार. करकर वाजलं तर अजून दोन दिवस थांबा. पहिले दोन आठवडे ५० किलो शेणामागे ५ किलोच घाला, नंतर हळूहळू १० किलोपर्यंत जा. साध्या घुमटाच्या टाकीत त्याहून पुढे जाण्याचा मोह नको.

कारण घाई केली की टाकी आंबते. पाला लवकर कुजून आम्ल होतं, पण मिथेन (जळणारा गॅस) करणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांना ते आम्ल तेवढ्या वेगानं खाता येत नाही. खूण अशी की दाब भरपूर दिसतो पण शेगडी पेटत नाही, कारण गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला असतो. आउटलेटला आंबूस वास येतो. आम्लपणा दाखवणारी पीएच पट्टी लावा (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त): ६.८ ते ७.४ ठीक, ६.५ च्या खाली गेला की पाला बंद. आठवडाभर फक्त थोडं ताजं शेण घाला आणि पाण्याऐवजी दुसऱ्या, नीट चालू असलेल्या टाकीतली स्लरी. चुन्याची निवळी अगदी शेवटी, तीही थोडी थोडी.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची गळ झाली की ती सगळी टाकीत लोटायची इच्छा होते. सालीतलं तेल जिवाणू मारतं आणि गराचं आम्ल लगेच होतं. गळीची संत्री कंपोस्टलाच बरी. आजारी ढोराला अँटिबायोटिक चालू असेल तर त्याचं शेणही बाजूला ठेवा.

थंडीत गॅस उतरतो, त्यात टाकीचा दोष नाही. उन्हात तापलेलं पाणी वापरून दुपारी भरा. ज्योत भकभक करत असेल तर नळीत पाणी साचलंय, ते सगळ्यात खालच्या जागेवरच्या तोटीतून सोडा. साय मोडायची तर आउटलेटमधून लांब बांबू फिरवा. टाकीत माणूस उतरवायचा नाही, रिकामी दिसली तरी.

आणि पऱ्हाटी? ती श्रेडरमधून काढून आउटलेटच्या खड्ड्याशेजारी वीतभर थर द्या, वर स्लरी ओता, पुन्हा थर. इथं हवा असते, बुरशी असते, म्हणून टाकीत न कुजणारं इथं कुजतं. महिन्यातून एकदा ढीग उलटा आणि ओल राखा. ढीग झाडाच्या सावलीतच करा. उन्हात वाळणाऱ्या स्लरीतला नत्र अमोनिया होऊन उडून जातो.