किल्लारीच्या वाटेवर पावलं मोजत

येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळ अमावास्या, होऊन दोन दिवस झाले होते. फ्रिजमध्ये त्या दिवशीच्या भज्जीचा (मिसळीच्या भाजीचा) शेवटचा डबा होता आणि मी सुट्टी संपल्याचं दुःख करत बसलो होतो. तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. "शनिवारी गाडी घेऊन ये. दादांना किल्लारीला जायचंय."

"कुणी वारलं का?"

"नाही. गाव बघायचंय म्हणतेत."

दादा म्हणजे माझे मामा. त्यांचं गाव औशाच्या पुढं, तुळजापूरच्या रस्त्याला. महामार्ग चौपदरी झाला आणि गावाला पाय फुटले. येळवसीला आम्ही शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून आंबिल पीत होतो, तेव्हा शेजारच्या पट्टीत हरभऱ्याऐवजी फक्कीच्या रेघा दिसत होत्या. त्यात ३० बाय ५० चे तुकडे आणि कडेला 'हायवे टच' असा बोर्ड. महसूल कायद्यात २०१७ साली कलम ४२-ड आलं आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन बिगरशेती करणं सोपं झालं. कागदावर ही पट्टी मोकळी दिसते. प्रत्यक्षात मामाच्या गावाचे गोठे, खळी, कडब्याच्या गंजी, उकिरडे आणि गुरांची ओढ्याकडं जायची वाट, सगळं त्याच पट्टीत आहे.

गाव वाढायला कुणाची हरकत नाही. पोरांची लग्नं झाली, एका घराच्या तीन चुली झाल्या, जागा तर लागणारच. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढं विषय होता नवी वस्ती कुठं आणि कशी आखायची हा. तरुणांना शहरासारखे सरळ, रुंद रस्ते हवे होते. मामांनी एवढंच म्हटलं, "आखलेलं गाव एकदा बघून येऊ. मग आपलं आखू."

लातूरहून निघालो, मामांना उचललं, मागं औशाला येऊन चहा घेतला. भुईकोट किल्ला नेहमीसारखा नुसता लांबून बघितला (वीस वर्षं 'पुढच्या वेळी' म्हणतोय). लामजन्याच्या पुढं दोन्ही बाजूंना शाळू पोटऱ्यात आलेला. मामा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन उरकून लोक नुकतेच झोपले होते. दिवस उजाडल्यावर मामा इकडं ट्रॅक्टर घेऊन आले होते. त्याबद्दल ते कधी सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

जुन्या किल्लारीत आता बाभळी आणि दगड. स्मृतिस्तंभापाशी मामांनी चप्पल काढली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यावर माळवद म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत, आणि गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात ही घरं गार राहायची हे खरंच. मीही माळवदावर, ढेलजेवर, बळदावर भरपूर हळहळून लिहिलेलं आहे. इथं उभं राहिल्यावर त्यातलं बरंचसं खोडावंसं वाटलं.

तिथून जवळच्याच एका पुनर्वसित गावात गेलो. भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जागतिक बँकेचं कर्ज होतं, काम झपाट्यानं झालं. घर मिळालं जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. काही गावांत त्या त्या मापाची घरं एकत्र आखली गेली, म्हणजे शेजारी कोण हे सातबाऱ्यानं ठरवलं. भावकीची गल्ली तिथंच मोडली.

मामा गाडीतून उतरले आणि रस्ता ओलांडताना मोठ्यानं पावलं मोजू लागले. एकवीस भरली. समोरच्या ओट्यावर एक आजी तूर निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय मोजायलाव?"

"रस्ता मोजतोय, बाई. पलीकडच्या घरी हाक जाती का?"

आजी हसल्या. "फोन लावते की!"

मग पाणी आलं, चहा आला. आजींची घराबद्दल तक्रार नव्हती. "भिंत मजबूत हाय, झोप लागती," हे त्यांनी दोनदा सांगितलं. सुरुवातीची काही वर्षं स्लॅबखाली झोपायला भीती वाटायची, म्हणून अंगणात पत्र्याचा आडोसा केला होता. पुढं त्या आडोशाला म्हैस बांधली. संडासात सरपण भरलं होतं, कारण पावसात ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. लेकरं वाढली तशी मागं एक खोली चढली, पुढं दुकान आलं. पारावर कोण बसतं विचारलं तर म्हणाल्या, "पार हाय. पर तितं जायला काम काढावं लागतं." जुन्या गावात पाण्याला, दळणाला, गुरामागं जाताना पार वाटेतच यायचा.

मामेभाऊ तोवर वहीत उभ्या-आडव्या रेघांचा नकाशा काढत होता. हे ऐकून त्यानं तो खोडला आणि नुसतं 'वाटेत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

परतताना भांडण झालं ते पाण्यावरून. मी म्हटलं, प्लॉटवाला प्रत्येक प्लॉटला बोअर देतो म्हणतोय, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते काय विसरलात? ओढ्यावर भराव टाकून रस्ता काढला तर गावाच्या विहिरीत पाझरणार काय? मामेभाऊ म्हणाला, शहरात राहून हे बोलणं सोपं आहे, त्याच्या धाकट्या भावाला घर कुठं बांधायचं ते आधी सांग. त्याचंही चूक नव्हतं. औशापर्यंत आम्ही दोघं गप्प.

संध्याकाळी जेवायला मामांकडंच थांबलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. जेवण झाल्यावर मामांनी वही मागवली. "पहिल्या पानावर घरं लिहू नको. गोठे किती, गंजी किती, बैलं किती, ते लिही."

"बैलं नऊ राहिलीत गावात, दादा. ट्रॅक्टर चौदा हायती."

"मग ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळायला किती जागा लागती ते लिही."

"किती लागती?"

"मला काय ठाव? मोजून ये."

मामेभाऊ बॅटरी घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळानं अंधारात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.