तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरकीत समाधान आहे का?

"काका, ह्या कामात खरंच समाधान आहे, का दुसरं काही जमलं नाही म्हणून?"

लग्नाच्या पंगतीत, धाब्यावर, गावच्या पारावर हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतोच. विचारणारी पोरं वीस-बाविशीची. खिशात हलकं लायसन्स, डोक्यात दहा चाकी ट्रक. प्रश्नाच्या पहिल्या भागानं बरं वाटतं, दुसऱ्यानं जरा लागतं. उत्तर द्यायला घेतलं की ताक येतं आणि पंगत उठते, म्हणून लिहून टाकतो.

दोन्ही खरं आहे. दहावीला गणितात गचकलो आणि 1997 साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. दुसरं काही जमलं नव्हतं हे कशाला लपवू? उस्तादानं, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनं, दोन वर्षं स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, टायरवर आपटायची आणि आवाजावरून हवा सांगायची, चुकलं की परत. कसारा घाट उतरताना तो काच खाली करून नाक बाहेर काढायचा. "डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं," म्हणायचा. ब्रेकचे लायनर तापले की एक करपट वास येतो. तो एकदा डोक्यात बसला की जन्मभर जात नाही. चढायला जो गिअर, उतरायलाही तोच, हे त्यानं शिव्या देऊन शिकवलं. आज माझ्याकडे जे काही आहे ते त्या शिव्यांमुळं आहे.

माझी नेहमीची लाइन म्हणजे लासलगाव-पिंपळगावकडं कांदा भरायचा आणि बंगळूरला यशवंतपूरच्या मार्केटला खाली करायचा. हजार किलोमीटर होतात. कांदा नुसता गाडीत टाकला की पोचतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सोबत यावं. ताडपत्री गच्च आवळली तर माल आत घाम धरतो, दुसऱ्या दिवशी गोण्यांतून पाणी सुटतं. सैल सोडली आणि साताऱ्याच्या आसपास पाऊस गाठला, तर तेही गेलं. म्हणून पुढची बाजू हातभर उचलून बांधायची, मागून मोकळी ठेवायची, वारा आरपार गेला पाहिजे. खंबाटकी चढताना आभाळ बघायचं. काळं दिसलं की गाडी बाजूला घेऊन वर चढायचं आणि उचललेली ताडपत्री खाली सोडायची, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. मार्केटला व्यापारी गोणीत हात घालतो, एक कांदा नाकाशी नेतो आणि हमालाला मानेनं खुणावतो. मला काहीच म्हणत नाही. पण 18 टन मालाला नाव ठेवायला जागा नाही, हे त्या मान हलवण्यात असतं. त्या दिवशी मी भात-सांबार जरा जास्त जेवतो.

आता मानाचं. गाडी पळत असते तोवर मला कुणी हलकं समजत नाही. ती उभी राहिली की सुरू होतं. परतीला एकदा पुण्याकडच्या एका कारखान्याचा माल होता. सकाळी सहाला गेटवर पोचलो. "ए ड्रायव्हर, लाइनला लाव," हे स्वागत. बूट हवेत, जाकीट हवं, मोबाइल जमा करा. ते ठीक आहे, नियम आहेत. पण संडास कुठं विचारलं, तर आतला स्टाफसाठी आहे म्हणाले. 32 तास उभा होतो. टायरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून खिचडी केली. शेवटी पोच मिळाली ती खिडकीतून. शिक्का मारणाऱ्या पोरानं मान वर केली नाही. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. मी त्याला "थँक्यू साहेब" म्हणालो आणि गाडीत बसल्यावर स्वतःचाच राग आला.

घरातलं त्याहून मजेदार. मुलीच्या बायोडेटात मध्यस्थानं माझा धंदा लिहिला होता "वाहतूक व्यवसाय". मी वाचला आणि गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. पाहुणे आले, पोहे आले. मुलाचे वडील म्हणाले, "किती गाड्या आहेत तुमच्या?"

"एक," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "ती पण शेठची."

पोहे त्यांनी पूर्ण खाल्ले. फोन मात्र आला नाही. (पुढं चांगलं स्थळ मिळालं. त्या व्याह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सध्या डिझेल काय ॲव्हरेज देतंय?")

गंमत बघा, आमच्याच गल्लीत एसटीचा ड्रायव्हर राहतो. स्टेअरिंग तेच, घाट तेच, पगाराची रडही तीच. पण त्याला खाकी कपडा आहे, ड्युटीला वेळ आहे आणि मागं चाळीस-पन्नास माणसं बसतात. माणसं वाहणाऱ्याला लोक ओळखतात, माल वाहणाऱ्याला कोण ओळखणार? कोरोनात 2020 ला सगळं बंद असताना आमच्या गाड्या चालू होत्या. धाबे बंद, म्हणून बिस्किटावर दिवस काढले. गावी आलो तर चौदा दिवस शाळेत झोपवलं. आणलेली साखर मात्र त्याच दिवशी दुकानात गेली.

फरक पडलाच नाही असं नाही. 2017 च्या 1 जुलैला जकात गेली, मुलुंड नाक्यावरची रांग गेली. फास्टॅगमुळं टोलवरची सुट्ट्या पैशांची भांडणं गेली. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. माझी गाडी जुनी, मला काच खाली आणि घाम वर. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तास सांगायचा. हे क्लीनरला सांगितलं तर तो म्हणाला, "एका दिवसात का एका बसणीत?"

जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून चक्का जाम झाला, तेव्हा दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण चूक कुणाचीही असो, जमाव आधी ट्रकवाल्यालाच खाली ओढतो. थांबावं का पळावं हा विचार करायला तेव्हा किती सेकंद असतात, ते काचेच्या आतल्यालाच माहीत.

तर पोरांनो, समाधान आहे. मग मुलाला गाडीवर घेतलंस का, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही घेतलं. तो आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. दिवाळीच्या सुट्टीत हट्टानं मुंबईपर्यंत सोबत आला. कसारा उतरत होतो, गिअर बांधलेला, पुढं एक सिमेंटची गाडी. तो मोबाइल बघत होता. अचानक काच खाली केली आणि म्हणाला, "पप्पा, पुढच्याचे लायनर जळतायत."

मलाही तेव्हाच वास आला होता. अंतर वाढवलं, लाइट मारून त्याला सावध केलं, तो बाजूला थांबला.

"पेपर कधी आहे तुझा?" मी विचारलं. "आणि मोबाइल ठेव खाली."