पेशींची ओळख पटवताना

कर्करोग संशोधन संस्थेत प्रशिक्षणासाठी दाखल झाल्यावर पहिले काही आठवडे मी कोणताही प्रयोग केला नाही. मी फक्त पेशी जिवंत ठेवायला शिकले. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये वाढणाऱ्या पेशींना ठरावीक दिवसांनी नवे पोषक द्रावण द्यावे लागते, आणि त्या वेळी हात जरासा चुकला तरी जंतू आत शिरतात. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहसा लक्षात येत नाही, पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनला दाद देत नाही आणि पेशींचे वर्तन मुकाट्याने बदलत राहतो.

त्याहून गंभीर प्रश्न पेशींच्या ओळखीचा आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, त्यांची संमती न घेता, मिळवलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की अनेक प्रयोगशाळांत त्यांनी दुसऱ्याच पेशींची जागा बळकावली होती. आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये हे पुराव्यानिशी मांडले. स्तनाच्या कर्करोगाच्या समजून तपासलेल्या पेशी प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या निघाल्या, तर त्यावर काढलेला निष्कर्ष, तो कितीही काटेकोर गणिताने मांडलेला असला तरी, रुग्णाच्या काय कामाचा?

म्हणूनच डीएनएवरून पेशींची ओळख पटवण्याची चाचणी प्रशिक्षणाच्या अगदी आरंभीच शिकवली जावी, असे मला मनापासून वाटते. नव्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक कुपीवर पेशींचे नाव, तारीख आणि त्या कितव्यांदा नव्या भांड्यांत विभागल्या, याची नोंद करायला सांगते.