जुवाखालची मान

वारीत दिवे घाट कधी चढलो, सासवडला पाऊस होता की नव्हता, जेजुरीत अंगावर भंडारा किती पडला, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. लख्ख आठवतो तो बैलाच्या मानेवरचा रुपयाएवढा ओला डाग.

आमच्या दिंडीचं सामान ट्रकने येतं, पण एक बैलगाडी अजून टिकून आहे. त्या जोडीचं दाणापाणी ही माझी सेवा. मी ख्रिस्ती आहे, हे दिंडीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कुणाला काही नाही. सगळ्यांसारखा मीही माउलीच. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनंतर मराठी ख्रिस्ती माणसाला अभंग कधी परके वाटले नाहीत. मला तर हरिपाठाच्या ठेक्यावर बायबलातलं १०४वं स्तोत्र आठवत राहतं. झऱ्यांचं पाणी रानगाढवं पितात, सिंहाची पिल्लं देवाकडे भक्ष्य मागतात. त्या यादीत माणूसही येतो, पण एकटा येत नाही.

नीरास्नान झालं आणि लोणंदच्या वाटेवर ऊन तापलं. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. धाकल्या बैलाने मान तिरकी धरलेली दिसली, तेव्हा आधी वाटलं माशी असेल. जू उचलून पाहिलं तर कातडी सोलवटलेली, भोवती हाताला गरम लागणारी सूज. खांदा आला होता.

खांदा एका दिवसात येत नाही. रात्री मान पावसात भिजलेली असते, सकाळी ती न पुसता, माती-घामासकट जू ठेवलं जातं. जोडीत एक बैल उंच, एक ठेंगणा असेल तर भार एकाच बाजूला कलतो. जुवाला गाठ, खिळा, फुटलेली कड असेल तर ती दर पावलाला तिथंच घासते. आणि गाडी भरण्यात चूक होते. ओझं पुढे आलं की मानेवर बसतं. मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोतं, म्हणजे गळ्याखालचा पट्टा, गळ्याला आवळतं. भार बरोबर आखावर हवा. पहाटे तो मी तसाच लावून घेतला होता. पण वाटेत कुणी पिशवी ठेवली, कुणी वळकटी, कुणी पाय दुखतात म्हणून मागे टेकलं. नाव विठ्ठलाचं आणि ओझं मुक्या जिवावर. मी रागाने बोललो. टाळांच्या गजरात कुणाला ऐकू गेलं नाही.

आलेल्या खांद्यावर चिंधीची गादी बांधून पुन्हा जुंपणं हा इलाज नव्हे. गादी सरकते, आत घाम कोंडतो, जखम वाढते. नुसती सूज असेल तर गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या. कातडी फाटली असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, माशी बसू द्यायची नाही, नाहीतर किडे पडतात. आत पू धरला तर डॉक्टरच हवा. सगळ्यात मोठं औषध म्हणजे जू नको, जखम पूर्ण भरेपर्यंत नको.

म्हणून शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, उपसल्या, जोती सोडली, दोघांनाही लिंबाखाली नेलं. थोरला तोंड उघडं टाकून धापा टाकत होता, लाळेची तार लोंबत होती. ही उन्हाची खूण. असा बैल ओढला तर बसतो, आणि बसलेला उठेलच असं नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांत ओढकामाच्या जनावरांबद्दल स्पष्ट लिहिलंय: दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. पण सावली मिळाली तरी पाणी हवं. कामाच्या बैलाला उन्हाच्या दिवसात ४० लिटर सहज लागतं. माझ्याकडे एक बाटली होती.

रस्त्यापलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी बादली घेऊन आली. मी बाटली पुढे केली, तर म्हणाली, "आधी त्यांना पाजू द्या. तुमचं मग बघू." बादली थोरल्याने दोन दमांत संपवली. ती परत गेली, परत आली. एकूण पाच खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी मागोमाग गेलो तेव्हा कळलं, पाणी टँकरचं होतं. दाराशी एकच पिंप, आणि त्याचा तळ दिसायला लागला होता. मी म्हटलं, "आजी, पुरे आता." तिने तांब्याने खरवडून शेवटची बादली भरली. धाकल्याच्या मानेला ओल लागू न देता त्याच्या पायांवर, पोटाखाली पाणी ओतलं. मग माझ्या टाचा पाहिल्या, घरातून हळद-तेल आणलं आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवलं.

एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा तहानेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, ती कथा दिंडीत कीर्तनात ऐकलीच होती. येशूनेही शब्बाथ पाळणाऱ्यांना हेच विचारलं: तुम्ही त्या दिवशी आपला बैल, आपलं गाढव सोडून पाण्यावर नेता ना? आणि ज्या आज्ञेने तो शब्बाथ दिला, त्या आज्ञेतच बैल आणि गाढव नावानिशी आहेत. विसावा त्यांचाही. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, हेही त्याच शास्त्रात. मालक देव, आपण कारभारी. आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. त्या दुपारी माझ्या हिशेबात तो ओला डाग होता.

सामान ट्रकमध्ये चढवलं, रिकामी गाडी ट्रॅक्टरमागे बांधली, बैल मोकळे चालवले. राहुट्या उशिरा लागल्या म्हणून कुरकुर झाली. होऊ दे.

तरडगाव, फलटण, बरड. उभं रिंगण झालं, मला दिसलं नाही. मी पत्रावळी वेचत होतो. उष्ट्याच्या वासाने जनावर प्लास्टिकची पिशवीही गिळतं. ती पोटात विरघळत नाही, बाहेर पडत नाही, साचत जाते. आणि भाविकांचं प्रेम! ज्याला त्याला नंदीला भात भरवायचा असतो, गूळ, पोळी. हात जोडून सांगितलं, घासभर चालेल, पातेलंभर नाही. शिजलेलं धान्य एकदम पोटात गेलं की तिथं आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, डावी भकाळी, म्हणजे कुशीचा खळगा, फुगते, शेण पातळ होतं. त्यात बैल दगावतो. द्यायचंच असेल तर कडबा द्या, हिरवी वैरण द्या. एका माउलीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कडवळाची पेंढी डोक्यावर घेऊन पूर्ण मजल चालत आली. माझे डोळे भरून आले.

वाखरीला माशी नव्हती, वारा होता. जखमेवर खपली धरली होती, कडेने कातडी गुलाबी. रात्री चारही पाय तपासले. थोरल्याच्या मागच्या उजव्या खुराची एक पत्री, म्हणजे नाल, ढिली, धाकल्याच्या खुराच्या फटीत खडा. खडा काढला. सगळे पंढरीकडे निघाले तेव्हा मी पत्री मारणाऱ्याला शोधत उलटा चाललो होतो.