मासळी बाजारातली ओल्ड मा

कोकणात वाढलेली मी पावसाला भिणारी नाही. पण पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियातला जुलै वेगळाच. २०१० साली त्या रात्री गाडीच्या काचेपलीकडे टबमन बुलेव्हार्ड हा मोठा रस्तासुद्धा धड दिसत नव्हता.

आम्ही केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या. २००७ च्या जानेवारीत आमची पहिली तुकडी लायबेरियात उतरली. निव्वळ महिलांची पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाण्याची ती पहिलीच वेळ. दर वर्षी नवी तुकडी यायची. सव्वाशेच्या आसपास माणसं, त्यात शंभरावर बायका; पुरुष फक्त मदतीच्या कामांना. राष्ट्राध्यक्षा एलन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयावर पहारा, मोर्च्यांचा बंदोबस्त आणि रात्री स्थानिक पोलिसांबरोबर गस्त, हे आमचं काम. त्या पोलिसांच्या हातात बहुधा काठीही नसायची. तपास त्यांचा, अटक त्यांची. रायफल घेऊन आम्ही मागे उभ्या.

शहराच्या सिंकोर भागात मासळी बाजाराच्या अलीकडे एक बाई हात पसरून गाडीला आडवी आली. साठीची असावी. कमरेला लापा, म्हणजे तिथलं लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळलेला, अंग चिंब. तिच्यामागे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, अनवाणी. आमच्या सोबतची लायबेरियन पोलीस ताई खाली उतरली. त्या बाईला ती 'ओल्ड मा' म्हणाली. तिथे मोठ्या बाईला असंच म्हणतात.

मुलगी काही बोलेना. बोलायची गरजही नव्हती. तेवढ्यात तीन पुरुष पळत आले, त्यातला एक मुलीचा काका. पैसे देऊन घरातच मिटलंय, पोलिसांचं इथे काय काम, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. त्याची इंग्रजी मला अर्धीच कळत होती, पण म्हणणं पुरतं कळलं. 'घरची गोष्ट घरात' हे मी आमच्या वाडीतही ऐकलेलं आहे, अगदी त्याच सुरात.

मी हेल्मेट काढलं. का काढलं ते आजही नीट सांगता येणार नाही. मुलीने माझा अंबाडा पाहिला, मग तोंडाकडे पाहिलं, आणि माझी बाही घट्ट धरली. पोलीस ताईने काकाला ठणकावून सांगितलं, "२००६ पासून बलात्काराचा नवा कायदा आहे. हे पैशांनी मिटत नाही." आम्ही दोघी-तिघी मध्ये उभ्या राहिलो. मुलगी आणि ओल्ड मा गाडीत बसल्या.

ठाण्यात महिला व बालकांसाठी वेगळा कक्ष होता. मुलीचा जबाब संपेपर्यंत उजाडायला आलं. बाहेरच्या बाकावर ओल्ड मा माझ्याशेजारी बसली होती. मुलगी तिची कुणीच नव्हती. बाजारातल्या शेजारणीची लेक.

"मला २००३ पासून रस्ता अडवायची सवय आहे," ती म्हणाली.

मग तिने त्या मैदानाचं सांगितलं, ज्याच्यावरून आमची गाडी रोज जायची. १९८९ पासून मधला थोडा काळ सोडला तर युद्धच चाललेलं, अडीच लाखांच्या आसपास माणसं मेलेली. तेव्हा लेमा बोवी आणि तिच्या मैत्रिणींनी बायकांना हाक दिली. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्हीकडच्या आल्या. पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं. उन्हात आणि याच पावसात त्या मैदानात बसून राहायच्या, म्हणजे जाता-येता तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याच्या ताफ्याला दिसतील. ओल्ड मा सकाळी मासे विकायची आणि दुपारी तिथे जाऊन बसायची. पुढे घानात, अक्राला वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा बायकांनी दारात हातात हात गुंफून ठाण मांडलं आणि करार होईपर्यंत पुरुषांना बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. टेलर देश सोडून गेला. १८ ऑगस्टला करार झाला.

प्रशिक्षणात आम्हाला सुरक्षा परिषदेचा २००० सालचा ठराव, क्रमांक १३२५, शिकवला होता. वाटाघाटीच्या टेबलावर बायकांना जागा हवी, असं त्यात आहे. अक्रात या बायकांना टेबल मिळालंच नव्हतं. त्यांनी दार धरलं.

आमचं कौतुक खूप झालं. आम्हाला पाहून तिथल्या मुली पोलीस भरतीला येऊ लागल्या, याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. पण त्या रात्री मुलगी आमच्या गाडीपर्यंत पोचली ती माझ्या रायफलीमुळे नाही. ओल्ड माने तिला हाताला धरून पावसात बाहेर काढलं म्हणून. आम्ही नसतो तर ती दुसऱ्या कुणापुढे आडवी गेली असती, एवढी माझी खात्री आहे. आम्ही होतो म्हणून काकाला माघार घ्यावी लागली, हेही खरं.

खटला उभा राहिला. माझी मुदत संपली तेव्हा तो चालूच होता.

परत निघण्याआधी नव्या तुकडीतल्या मुलीला गस्तीचा रस्ता दाखवायचा असतो. कार्यालय, चौक, दवाखाना दाखवून झाल्यावर मी गाडी मासळी बाजाराशी थांबवली आणि तिला ओल्ड माच्या पाटीपाशी घेऊन गेले. ओल्ड माने ओल्या हातांनीच तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "रात्रीची गस्त तुझी का?"