माळकऱ्याचं मत

मी माळकरी. एकादशी चुकवत नाही, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडतो. आमच्या प्रभागातला उमेदवार देव मानत नाही, आंतरजातीय लग्नं लावून देतो. धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, गळ्यात माळ आणि मत त्याला?" रात्रभर डोळा लागला नाही.

१९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. धर्म बुडाला म्हणणारे आमच्या घरातही होते. आजोबा त्यातलेच, म्हातारपणी त्यांना त्याची फार लाज वाटायची.

समलिंगी विवाहाबद्दल या उमेदवाराचं म्हणणं मला पटत नाही, तोंडावर सांगितलंय. पण आमच्या नळाला रोज पाणी नाही, आणि त्यासाठी बायाबापड्यांसोबत उन्हात बसतो तो हाच. मत त्यालाच देणार. आज भावाशी पुन्हा बोलतो.