बीकन विझेपर्यंत: मार्शलरच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या कामाला लागल्यानंतर मार्शलर होण्यासाठी, म्हणजे उतरलेल्या विमानाला इशारे देऊन बेवर (विमान उभे करण्याच्या ठरलेल्या जागेवर) उभे करण्याची परवानगी मिळवण्यासाठी, जे जे शिकावे लागले ते येथे लिहीत आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

सुरुवात कागदपत्रांनी होते. धावपट्टीच्या बाजूला जाण्याचा पास नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळतो आणि त्यासाठी पोलिस पडताळणी व सुरक्षाविषयक प्राथमिक प्रशिक्षण आवश्यक असते. गावचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळे असतील, तर दोन्हींचे पुरावे आधीच जुळवून ठेवलेले बरे.

वर्गात पहिल्यांदा शिकवले गेले ते अंतराचे गणित. शार्कलेट, म्हणजे पंखांच्या टोकांना वर वळलेले भाग, लावलेल्या ए-320 विमानाच्या पंखांचा विस्तार 35.80 मीटर असतो. या गटातील विमान बेवर येताना त्याच्या आणि शेजारचे विमान, इमारत किंवा इतर कोणत्याही वस्तूच्या मध्ये किमान साडेचार मीटर मोकळी जागा असावी, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 14 व्या परिशिष्टात सांगितले आहे. मोठ्या विमानांसाठी हेच अंतर साडेसात मीटर आहे. कागदावर साडेचार मीटर भरपूर वाटतात, परंतु वळण घेत आत येणाऱ्या विमानाच्या पंखाच्या टोकाखाली उभे राहिले की ते किती थोडे आहेत हे समजते. म्हणूनच दोन्ही पंखांकडे लक्ष ठेवणारे विंग वॉकर हे मार्शलरचे डोळे असतात आणि त्यांच्यापैकी एक जरी दिसेनासा झाला, तरी विमान थांबवायचे, असे आम्हाला शिकवले गेले.

विमान येण्यापूर्वी बे तपासणे हा या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. एरोब्रिज पूर्ण मागे घेतलेला आणि त्याची चाके आखलेल्या चौकटीत आहेत ना, ट्रॉल्या, बेल्ट लोडर आणि टो ट्रॅक्टर मर्यादारेषेच्या बाहेर आहेत ना, चॉक (चाकांना लावायचे अडथळे) व कोन (विमानाभोवती ठेवायचे इशाऱ्याचे शंकू) हाताशी आहेत ना, हे पाहून झाल्यावर बेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि जमिनीवर जे सापडेल ते उचलायचे. बॅगेचे निखळलेले चाक, कुलपाचा तुकडा, टॅगची पट्टी, एखादा नट असे काहीही सापडते. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी ओल्या काँक्रीटला अशी चिकटून बसते की बुटाने सरकवली तरी निघत नाही, खाली वाकून नखाने सोडवावी लागते; इंजिनाची ओढ मात्र तिला सहज उचलू शकते.

इशारे त्या मानाने लवकर अंगवळणी पडतात. मार्शलर वैमानिकाच्या समोर उभा असल्यामुळे विमान वैमानिकाच्या डावीकडे वळवायचे असेल, तर मार्शलरचा उजवा हात आडवा धरलेला असतो आणि डावा हात ‘पुढे या’ असे सांगत असतो. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ब्रेकचा इशारा. विमान थांबल्यावर खांद्याच्या किंचित वर उघडा तळवा धरायचा, वैमानिकाशी नजरानजर झाल्याची खात्री करायची, मगच मूठ आवळायची, आणि त्याने अंगठा वर करून दाखवेपर्यंत जागेवरून हलायचे नाही.

यानंतरचा काळ सर्वांत अवघड असतो. विमान थांबलेले असते, आत प्रवासी उठून उभे राहिलेले असतात, सामान उतरवणारे सहकारी ट्रॉल्यांसह ताटकळत असतात, आणि विमानाच्या पाठीवरचा व पोटाखालचा लाल बीकन, म्हणजे इशाऱ्याचा दिवा, अजून लुकलुकत असतो. तो चालू असताना इंजिने फिरत आहेत असेच मानायचे. आमचे प्रशिक्षक सांगत, ‘‘आवाजावर जाऊ नकोस. शेजारच्या बेवरच्या आवाजात तुला तुझं इंजिन वेगळं ऐकू येणार नाही. दिवा बघ.’’

या नियमामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. 16 डिसेंबर 2015 रोजी आमच्याच मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान बेवरून मागे ढकलले जात असताना, एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. 31 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी येथे नुकतेच बेवर आलेल्या विमानाच्या चालू इंजिनात एक महिला कर्मचारी ओढली गेली. त्या विमानाचे एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज पुरवणारे शेपटाकडील छोटे इंजिन, बंद पडलेले होते. त्यामुळे बाहेरून वीज जोडली जाईपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागणार होते. विमान येण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना याची कल्पना दोनदा दिली गेली होती, असे तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात नोंदवले आहे. त्याच्या थोडे आधी ती सुरक्षेसाठी ठेवायचा कोन घेऊन विमानाच्या मागच्या बाजूकडे जाताना दिसली होती. हा तपशील वाचल्यापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

माझ्या अंतिम चाचणीत परीक्षकांनी नेमकी हीच परिस्थिती विचारली. एपीयू बंद असलेले विमान येत आहे, तर काय कराल? मी सांगितले की एरवीचा क्रम येथे लागू होत नाही. फक्त नेमून दिलेल्या व्यक्तीने चालू इंजिनापासून दूरच्या वाटेने पुढच्या चाकाकडे जायचे, चॉक लावायचे, वैमानिकाला तसा इशारा देऊन त्याची पोच घ्यायची आणि जमिनीवरील वीज जोडायची. बाकी सर्वांनी, कोन ठेवणाऱ्यांनीसुद्धा, इंजिन थांबून बीकन विझेपर्यंत रेषेबाहेर राहायचे. त्यावर त्यांनी पुन्हा विचारले की हे सर्वांना ठाऊक आहे याची खात्री कशी करणार. एकतर्फी सूचना पुरेशी नाही, हे मॉन्टगोमेरीच्या घटनेतून उघड होत असल्यामुळे, प्रत्येकाला आपली जागा आणि आपण कधी हलणार हे स्वतःच्या तोंडून सांगायला लावीन, असे मी उत्तर दिले.

परवानगी मिळाल्यापासून अशा प्रत्येक विमानाआधी मी तसेच करतो. नवीन मुलाला, तो कितीही घाईत असला, तरी पहिल्यांदा विचारतो.